रुंद पट्टीचं वचन

बाई, मी कोण ते आधी सांगते, कारण तुम्ही विसरला असणार. जिवंत होतात तेव्हाच तुम्हाला माणसांची नावं राहत नसत. सगळ्या बायकांना ‘अगं ही’ म्हणून हाक मारायचात आणि ज्या तिघी-चौघी वळून बघतील त्यांतल्या हवी तिच्याशी बोलायचात. चष्मा डोक्यावर ठेवून वॉर्डभर चष्मा शोधायचात, आणि बायबलातल्या यशयाचा कुठलाही अध्याय मात्र झोपेत विचारला तरी सांगायचात. तर मी ती, मिशनच्या दवाखान्यात धुतलेल्या पट्ट्या गुंडाळायला बसायची, दाराजवळ, खोकणाऱ्या सासूची सून. आठवलं नसेल तरी पुढे वाचा. वाचता तुम्हाला येतं, मला अजून येत नाही. मी सांगते आहे आणि थोरल्याची मुलगी लिहिते आहे. तिला बजावून ठेवलंय की मी म्हणेन तेच लिही, सुधारू नकोस. ती विचारते, आजी, बाईंना जाऊन चाळीस वर्षं झाली ना, मग पत्र टाकायचं कुठे? तिला म्हटलं, तू लिहिण्याचं बघ.

त्या काळी दवाखान्यात पट्टी वापरून फेकून देत नसत, हे ह्या पोरीला खरं वाटत नाही. जखमेवरची पट्टी सोडली की ती उकळायची, साबणानं धुवायची, मागच्या अंगणात तारांवर वाळत घालायची, आणि दुपारी आम्ही चार-पाचजणी सतरंजीवर बसून ती मांडीवर ताणून घट्ट गुंडाळायचो. गुंडाळी टेबलावर टाकली तर उलगडता कामा नये, अशी मोठ्या सिस्टरची परीक्षा होती. तुम्ही सकाळभर खाटेखाटेपाशी जाऊन शास्त्र वाचून दाखवायचात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायचात, आणि दुपारी घसा बसलेला असला तरी आमच्यात येऊन स्टुलावर बसायचात. आमच्यातल्या एकीलाही अक्षर येत नव्हतं, म्हणून तुम्ही ती युक्ती काढलीत. एक गुंडाळी, शास्त्रातलं एक वचन. बोटाच्या अरुंद पट्टीला लहान वचन, पोटाला बांधायच्या रुंद पट्टीला लांब. कापड आणि वचन एकदमच संपलं पाहिजे. कापड आधी संपलं तर तुम्ही म्हणायचात, रेंगाळलीस. वचन आधी संपून कापड उरलं तर म्हणायचात, काहीतरी खाल्लंस, पुन्हा म्हण. लोकांची वचनं तोंडपाठ असतात, माझी हातपाठ आहेत. अजूनही टॉवेलची घडी घालताना माझे ओठ हलतात आणि सुनेला वाटतं सासू आपल्याला नावं ठेवते आहे. नावंही ठेवते मी, पण त्याची वेळ वेगळी.

सगळ्यांत रुंद पट्टीला योहानाच्या पहिल्या पत्रातलं ते वचन होतं. स्वर्गात साक्ष देणारे तिघं, बाप, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघं एक. मग त्याच्या मागोमाग पृथ्वीवर साक्ष देणारे तिघं, आत्मा, पाणी आणि रक्त. पहिलं अर्धं म्हणताना तुम्ही स्टुलावर ताठ व्हायचात. एकदा माझ्याकडे बोट करून म्हणालात, “अगं ही, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस. आपलं घर ह्या खांबावर उभं आहे.” मी विसरले नाही. सगळा घोटाळा तिथूनच झाला.

तेव्हा आम्ही कसबा पेठेत भाड्याच्या एका खोलीत राहायचो आणि भिंतीपलीकडची शेजारीण दत्ताची भक्त होती. तिनं मला विचारलं की तुमचे ते तिघं-एक म्हणजे आमच्या दत्तासारखंच ना, तोंडं तीन नि अंग एक? मला ते फार पटलं. दुसऱ्या दिवशी पट्टी गुंडाळता गुंडाळता मी तुम्हाला तेच ऐटीत सांगितलं. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात की उपमा म्हणजे दुसरीचं पोलकं, कुठे काचतं, कुठे ढगळ होतं, तेव्हा घालू नये. मी विचारलं, मग समजायचं कसं? तुम्ही म्हणालात, समजायचं नंतर, आधी पाठ करायचं. समज मागून येते. तुझी जरा जास्तच मागून येईल. बाकीच्या हसल्या. मीही हसले, पण ते बोलणं मला लागलं होतं, आणि समज अजून वाटेतच आहे.

पाटीचंही आता सांगून टाकते. तुम्ही मंडईतून येताना माझ्यासाठी मुद्दाम पाटी-पेन्सिल घेऊन आलात, सहा दिवस ‘ग म भ न’ गिरवून घेतलंत, आणि सातव्या दिवशी माझ्या खोलीवर आलात तेव्हा ती पाटी दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलेली. तुम्ही पाटी उचललीत, आत बघितलंत आणि म्हणालात, “दूध तरी शिकतंय का काही?” मग चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. अक्षरं बघितली की माझं डोकं दुखतं, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. माझ्या शेजारी बसायची ती एकजण वाचायला शिकली, तेव्हा तुम्ही तिला पुस्तक दिलंत, आता तुझं तू वाच म्हणालात, आणि स्टूल उचलून दुसऱ्या टोकाला नेलंत. मी सोळा वर्षांची होते, नगरकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली, आई लहानपणीच गेलेली. मला तुमचं स्टूल हलायला नको होतं. एवढ्यासाठी मी जन्मभर बसच्या पाट्या लोकांना विचारत हिंडले. माझी तक्रार नाही. पुण्यात बसची पाटी विचारली की चार शब्द ऐकून घ्यावे लागतात, पण बसही मिळते.

आणि तरी शेवटच्या आजारात पुस्तक मलाच दिलंत. तुमच्या आईचं शास्त्र, काळ्या पुठ्ठ्याचं, पानांच्या कडांचा लाल रंग विटलेला. मी म्हटलं, बाई, मला ह्याचा काय उपयोग, वाचणाऱ्या कुणाला द्या. तुम्ही धापा टाकत होतात, तरी टोमणा मारल्याशिवाय राहवलं नाही. म्हणालात, वाचणाऱ्याला दिलं तर तो वाद घालेल. तू धूळ पुसशील.

आता इकडचं ऐका. मला दोन मुलगे. मी थोरल्याकडे राहते. तो आपल्या चर्चच्या मंडळीच्या पंचांत आहे, ख्रिसमसचा मांडव कुठल्या मांडववाल्याकडून घ्यायचा इथपासून सगळ्यात त्याला मत असतं. धाकटा तो, ज्याला तुम्ही दुपारी मांडीवर घ्यायचात आणि तो तुमच्या पदराचं टोक चोखत झोपायचा. तो आता कोथरूडला राहतो, कंपनीत मोठ्या जागेवर आहे, बोलताना अर्धं इंग्रजी बोलतो. दर रविवारी उपासना झाली की तो नि त्याची बायको इकडे जेवायला यायचे. दोन वर्षांमागे त्याला तिकडे काही माणसं भेटली, सात-आठ घरं, कुणाच्या तरी हॉलमध्ये जमून शास्त्र वाचणारी. त्यांचं म्हणणं असं की त्रैक्य, तिघं मिळून एक देव, हा शब्दच शास्त्रात नाही. देव एकच आणि तो म्हणजे बाप. येशू त्याचा पुत्र, त्यानं पाठवलेला, आपला प्रभू, पण स्वतः देव नव्हे. हळूहळू धाकटा आपल्या उपासनेला यायचा थांबला. जेवायला मात्र यायचा.

मग काय, ताटावर बसले की सुरू. धाकटा म्हणायचा, येशू डोंगरावर जाऊन प्रार्थना करायचा ती कुणाला? स्वतःलाच? बाप माझ्याहून थोर आहे, असं तो आपल्या तोंडानं सांगतो. शेवटचा दिवस कधी ते पुत्रालाही ठाऊक नाही, एका बापाला ठाऊक, हेही लिहिलंय. थोरला म्हणायचा, शब्द नसेल, गोष्ट आहे. आरंभी शब्द होता आणि तो देव होता, हे कुणी लिहिलं? थोमा शिष्यानं त्याला माझा प्रभू, माझा देव म्हटलं, तेव्हा येशूनं त्याला गप्प बसवलं का? बाप्तिस्मा तिघांच्या नावानं द्या, ही आज्ञा कुणाची? धाकटा म्हणायचा, दादा, तीन नावं एका ओळीत आली म्हणजे तिघं एक झाले का? आपल्या सोसायटीच्या बोर्डावर पण तीन नावं आहेत आणि त्या तिघांचं एकमेकांशी पटत नाही. थोरला म्हणायचा, बोर्डाच्या नावानं कुणी बाप्तिस्मा घेत नाही. मी वाढता वाढता ऐकायची. खरं सांगू, मला मजा यायची. जो बोलत असेल त्याचं त्या वेळेपुरतं खरं वाटायचं. बापाविना वाढवलेली पोरं शास्त्रावर भांडताहेत, जमिनीवर नाही, ह्याचंच मला कौतुक.

चार महिन्यांमागे एका रविवारी धाकट्यानं हात खाली ठेवला आणि म्हणाला, “एक वचन दाखवा. जोडाजोड नको. एकाच ठिकाणी सरळ लिहिलंय की हे तिघं एक आहेत, असं एक वचन. मी पुढच्या रविवारी परत उपासनेला येतो.” थोरल्याजवळ होतं ते सगळं इथलं थोडं, तिथलं थोडं, असं होतं. आणि मला, बाई, इतका आनंद झाला. मी चुलीपासून उठले. चूल म्हणजे गॅस हो, सवयीनं म्हणते. हात पदराला पुसले आणि तुमचं रुंद पट्टीचं वचन म्हणून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तुमच्यासारखी ताठ होऊन. वाटलं, झालं, पोरगा परत आला.

त्यानं मोबाईल काढला. मोबाईल काय ते तुम्हाला समजावत बसत नाही, काचेची पाटी समजा, दुधावर ठेवता येत नाही अशी. त्यात सगळं शास्त्र असतं. त्यानं बघितलं, पुन्हा बघितलं.

“आई, इथे नाहीये. फक्त आत्मा, पाणी आणि रक्त आहे. स्वर्गातलं काही नाही.”

“तुझ्या काचेत नसेल.”

“दादा, तुझ्या पुस्तकात बघ.”

थोरल्यानं स्वतःचं शास्त्र उघडलं, बोट फिरवलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. तेव्हा धाकटा म्हणाला, अगदी हळू, मला लागू नये म्हणून हळू, “तुला कुणीतरी चुकीचं पाठ करून दिलंय, आई.”

तो ओरडला असता तर मी हसून सोडलं असतं. तो माझी कीव करत होता. आणि माझी कीव म्हणजे तुमची कीव. मी म्हटलं, “ज्यांच्या मांडीवर झोपायचास त्यांना खोटं पाडतोस? मग ह्या घरात जेवायला येऊ नकोस.” त्यानं हात धुतले. त्याच्या बायकोनं अर्धं ताट तसंच ठेवलं. जिन्यातून त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. तेव्हापासून तो आलेला नाही. फोन करतो, दर बुधवारी, न चुकता. गोळी घेतलीस का, विचारतो. मी म्हणते घेतली. तो म्हणतो बरं.

त्याच आठवड्यात मी एक जुनं पातळ फाडलं, दवाखान्यातल्या रुंद पट्टीएवढं. नातीला म्हटलं, नव्या पुस्तकातून ते वचन सावकाश वाच, आणि मी गुंडाळायला बसले. ती थांबली तेव्हा अर्धी पट्टी मांडीवर तशीच. मी म्हटलं, काहीतरी खाल्लंस, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं, पुन्हा अर्धी उरली. आता मला रडू येईल असं झालं. मग तुमच्या आईचं पुस्तक काढलं. चाळीस वर्षं सांगितल्याप्रमाणे धूळ पुसत आले, पण उघडून कुणाकडून वाचून घ्यावं असं कधी मनातच आलं नाही. पाठ असलेलं कोण वाचून घेतं? नातीनं अडखळत पान शोधलं, जुन्या छापाची अक्षरं एकेक करत वाचली, आणि बाई, होतं. जसंच्या तसं. पट्टी आणि वचन एकदम संपलं. त्या दिवशी मी दोनदा जेवले. थोरला म्हणाला, फोटो काढून पाठवून देतो त्याला. मी नको म्हटलं. फोटो कशाला, आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना घरी बोलवू, मग धाकट्यालाही बोलवू आणि चारचौघांत त्याला माफी मागायला लावू. तुमची माफी. पाहा माझा थाट.

पाळकसाहेब तरुण आहेत, शिकलेले आहेत, बोलायच्या आधी विचार करतात, हा एक दोष. त्यांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बराच वेळ बघितली. चहावर साय आली. मग म्हणाले, “आजी, तुमच्या बाईंनी छापलेलं होतं तेच शिकवलं. पण तुमचा धाकटा बरोबर सांगतो. हे वाक्य मुळात नव्हतं.”

मग त्यांनी मला कळेल असं सांगितलं. जुन्या काळी शास्त्र हातानं लिहून काढत. त्या पत्राच्या अगदी जुन्या ज्या ग्रीक प्रती सापडल्या, त्यांत स्वर्गातले तिघं नाहीत. कुणीतरी कधीतरी अर्थ म्हणून कडेला ते लिहून ठेवलं असावं आणि पुढे नक्कल करणाऱ्यानं ते आत घेतलं असावं. मग तसंच छापत गेले, त्यावरून आपल्या भाषेत आलं, तुमच्या आईपर्यंत आलं, तुमच्यापर्यंत, माझ्यापर्यंत. नंतरच्या भाषांतरवाल्यांनी जुन्या प्रती बघून ते काढून टाकलं. मी विचारलं, म्हणजे कुणीतरी घुसडलं? ते म्हणाले, घुसडलं कशाला म्हणायचं, लिहिणाऱ्याचा विश्वास होता तो. थोरल्याचा चेहरा पडला. त्यानं विचारलं की मग धाकट्याचं सगळंच बरोबर का. पाळकसाहेब म्हणाले, नाही, तसं मी म्हणत नाही. त्रैक्य ह्या एका वाक्यावर उभं नाही. जुन्या मंडळीनं ते ठरवलं ते तुम्ही देता त्याच वचनांवरून, सगळी शेजारी शेजारी ठेवून. आम्ही वाचतो तेव्हा आम्हाला ते तिथे दिसतं. धाकटे तीच वचनं वाचतात आणि त्यांना दिसत नाही. एका ओळीत सरळ लिहिलेलं मागाल, तर ते त्यांनाही देता येणार नाही आणि मलाही.

हे सगळं मला उमजलं असं मी म्हणत नाही. मी अजून तिघांच्याच नावानं प्रार्थना संपवते. ह्या वयात कुणाला वगळू? पण तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही आणि ती तुम्हाला विचारायची आहे. सकाळी वॉर्डात तुम्ही वाचायचात ते दवाखान्याचं पुस्तक नवं होतं, मला त्याचा निळा पुठ्ठा आठवतो. तेही पत्र तुम्ही खाटेपाशी वाचलं असणार. ते अर्धं वाक्य तिथे नाही, हे तुमच्या नजरेतून सुटणं शक्य नाही, बाई. चष्मा सुटेल, हे नाही. तरी दुपारी आमच्यात येऊन तुम्ही आईच्या पुस्तकातलं दिलंत. आईला खोटं पाडवलं नाही ना? मी रागावलेली नाही. तुम्ही आईसाठी एक ओळ ठेवलीत, मी तुमच्यासाठी मुलगा घालवला. दोघींत जास्त शहाणी कोण ते उघड आहे.

पाळकसाहेब येऊन गेले त्याला दोन महिने होतील. धाकट्याला हे अजून कुणी सांगितलेलं नाही, कारण मीच सगळ्यांना शपथ घातली आहे. मीच सांगणार, म्हटलं. बुधवार येतो, फोन वाजतो, तो गोळीचं विचारतो, आणि ‘तुझं बरोबर होतं’ हे ओठांपर्यंत येऊन मी म्हणते, घेतली. परवा तर फोन ठेवल्यावर आठवलं की गोळीही घेतली नव्हती. तुम्हाला एवढं लांबलचक सांगत बसले त्याचं कारण तुम्ही थोर वगैरे आहात असं नाही. तुम्ही उत्तर देणार नाही, म्हणून सांगवलं. तो देईल. तो म्हणेल, असू दे गं आई, आणि ते मला ऐकवायचं नाही.

तेव्हा हे वहीतच राहू दे, पोरी, पाकीट शोधू नकोस. उद्या रविवार आहे. सकाळी स्कूटर काढ आणि काकाकडे मटणाचं कालवण घेऊन जा. सुकं करू नकोस, त्याला रस्सा लागतो. बटाटे मोठे चिरून घाल, आणि तिखट बेतानं, त्याच्या बायकोला सोसत नाही. स्टीलचा मोठा डबा दे, प्लास्टिकचा नको, प्लास्टिकचा लोक ठेवून घेतात. काही विचारलं तर एवढंच म्हण की आजीला डबा परत हवाय, आणि तो त्यानंच आणायचा, जेवायच्या वेळेला.